कंट्रोलरला फाशी देण्याआधी

पोरी,

काल तिन्हीसांजेला तुझा फोन आला तेव्हा मी देवापुढं दिवा लावत होते, म्हणून धड बोलणं झालं नाही. एवढंच कळलं की मालवाहू तीनचाकी आली आहे, कंट्रोलरवरचा दिवा तीन-सहा दाखवतोय, गाडी चालता चालता मधेच मान टाकते, आणि मालक म्हणतोय, कंट्रोलर बदलून द्या. तूही मागवायच्या बेतात आहेस. म्हणून सकाळचा चहा होताच लिहायला बसले. अजून मागवू नकोस.

तुझ्या आतोबांबरोबर मी उद्यमनगरात बत्तीस वर्षं मोटर भरल्या. उसाच्या शेतातल्या पंपांच्या, पिठाच्या गिरणीच्या, लेथच्या. जळकी कॉइल तोडताना येणारा वार्निशचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्या सगळ्या वर्षांत जळलेली मोटर पुढ्यात आली की आतोबा पहिला प्रश्न विचारायचे, "जळली कशानं?" ते कळल्याशिवाय नवी तार गुंडाळायची नाही, असा त्यांचा नियम होता. फेज गेला होता, की बेअरिंग बसलं होतं, की विहिरीत गाळ शिरला होता, ते कळलं नाही तर भरलेली मोटर महिन्यात परत येते आणि शेतकऱ्याचं पाणी जातं. इलेक्ट्रिक गाड्या आल्या, कंट्रोलर आले, पण तो प्रश्न तसाच राहिला. आज तो तुझ्या हाती देते.

कंट्रोलरचा दिवा किंवा बझर जे सांगतो ते साक्षीदाराचं ऐकावं तसं ऐकायचं. त्याला जे दिसलं तेवढं त्यानं सांगितलं. ते का झालं हे त्याला ठाऊक नसतं, ते आपण शोधायचं. आणि होतं काय, साक्ष द्यायला तोच पुढं येतो म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्याकडं "कंट्रोलर गेलाय" म्हणून आलेल्या गाड्यांत खरोखर कंट्रोलर गेलेले थोडे होते. बाकीच्यांचं दुखणं वायरीत, जोडात, सेन्सरात, नाहीतर बॅटरीत निघालं.

आधी दिवा वाचायला शीक. तुझ्या त्या गाडीवर कर्टिसचा एसी मोटरचा कंट्रोलर असेल, तर त्यावर एक लाल आणि एक पिवळा दिवा असतो. लाल एकदा लुकलुकला की पुढं पहिला आकडा येतो, तो पिवळ्यानं मोजायचा. लाल दोनदा लुकलुकला की दुसरा आकडा. तीन-सहा म्हणजे एन्कोडरची तक्रार, दोन-तीन म्हणजे व्होल्टेज कमी पडलं म्हणून ताकद कापली, एक-चार म्हणजे प्रीचार्ज झाला नाही, चार-एक आणि चार-दोन म्हणजे थ्रॉटलच्या वायरीचं काहीतरी. दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरला हे आकडे लावू नकोस, प्रत्येकाची पुस्तिका वेगळी. डोळ्यांनी मोजताना चूक होते, म्हणून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढ आणि सावकाश बघ. तीनदा तोच आकडा आला तरच वहीत लिही. स्वस्त स्कूटरच्या कंट्रोलरला दिवाच नसतो, तिथं नुसती मोटर घुरघुरते किंवा गाडी हलतच नाही. तिथं मीटर हाच दिवा.

हात घालण्याआधीचं मात्र कान देऊन ऐक. मी मोटर भरायला बसताना पाटल्या काढून खुंटीला अडकवायचे, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारायचे. पंपाच्या मोटरला त्याची फार गरज नव्हती. बॅटरीला आहे. सोन्याची बांगडी दोन टर्मिनलांत अडकली तर ती क्षणात लाल होते, आणि मनगटातून ती निघत नाही. अंगठी, घड्याळ, बांगडी सगळं काढ. मग एमसीबी पाड, बॅटरीचा जोड सोडव, आणि तरीही कंट्रोलरला मेलेला समजू नकोस. त्याच्या आत जाडजूड कपॅसिटर असतात, ते बॅटरी काढल्यावरही भरलेले राहतात. जुन्या तारेचा शंभर वॅटचा बल्ब होल्डरला दोन वायरी लावून जवळ ठेव, तो कंट्रोलरच्या प्लस-मायनसला धर. क्षणभर मंद उजळतो आणि विझतो. मीटरवर पाच व्होल्टच्या खाली आलं की मग हात लाव. साठ व्होल्ट डीसीच्या वरची कुठलीही गाडी जीवघेणी मानायची, आणि बहात्तरची म्हणतात ती स्कूटर पूर्ण चार्ज झाल्यावर चौऱ्याऐंशीला असते. नारिंगी केबलची मोटारगाडी आली तर तिला हात लावू नकोस. तिथं तीनशे-चारशे व्होल्ट असतात, त्याचं वेगळं प्रशिक्षण आणि वेगळे रबरी हातमोजे लागतात. ते शिकलीस की कर, तोवर नाही म्हणायला लाजू नकोस.

आणि चावी फिरवण्याआधी चालतं चाक जमिनीवरून उचलून घे. थ्रॉटलच्या तीन बारीक वायरी असतात, पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. ग्राउंडची वायर तुटली की सिग्नल वर चढतो आणि कंट्रोलरला वाटतं, मालकानं मूठ पूर्ण पिळली. शहाणा कंट्रोलर अलार्म देऊन थांबतो. साधा कंट्रोलर गाडी भिंतीवर घालतो. मूठ सोडलेली असताना सिग्नल साधारण पॉइंट आठ-नऊ व्होल्ट हवा आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चारच्या आसपास. मधे कुठं उडी मारत असेल तर मूठ बदल. थोड्या पैशांची गोष्ट असते, आणि तिच्यापायी कंट्रोलर बदललेले मी पाहिलेत. ब्रेकच्या स्विचचंही तेच. लिव्हरखालचा तो चिमुकला स्विच चिकटला की कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलाय, तो मोटरला वीजच देत नाही. "गाडी अचानक मेली" असं कुणी म्हटलं की आधी ब्रेकचा दिवा बघ. मागं तो जळत राहिला असेल तर निम्मं काम झालं.

यंत्र उघडण्याआधी माणसाला विचार, आणि नीट विचार. कधी येतं? गार असताना की तापल्यावर? चढाला की उताराला? रिकामी की भरलेली? गाडी धुतल्यावर येतं का? पावसात येतं का? कुणी हल्लीच चाक, टायर, शॉक काढला होता का? शेवटचा प्रश्न मालकाला बिनकामाचा वाटतो, तू तो हमखास विचार. हब मोटरच्या चाकाचं पंक्चर काढताना वायरीला ओढ बसते आणि दुखणं तिथून सुरू होतं.

पन्हाळ्याच्या एका माणसाची गोष्ट सांगते. त्याच्या बहात्तर व्होल्टच्या स्कूटरला रोज सकाळी गड उतरताना अलार्म यायचा, मोटर सुटायची, पुढं सपाटीला आला की आपोआप बरी. संध्याकाळी चढताना कधीच नाही. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडं गाडी सपाटीवर फिरवून बघितली, काही सापडलं नाही. मी त्याला विचारलं, "चार्जिंग कधी लावता?" म्हणाला, रात्री, आणि सकाळी काढतो. पोरी, एवढ्यानं सगळं उलगडलं. गाडी गडाच्या माथ्यावर काठोकाठ भरलेली. उतार सुरू झाला की मोटर जनरेटर होते आणि वीज परत बॅटरीत ढकलते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कुठं मावणार? बॅटरीचं बीएमएस चार्ज घेणं बंद करतं, वीज जायला वाट राहत नाही, व्होल्टेज झपकन वर जातं आणि कंट्रोलर जीव वाचवायला ओव्हरव्होल्टेजचा अलार्म देऊन मोटर सोडतो. त्यानं अगदी बरोबर केलं होतं. मी त्याला रात्रीचं चार्जिंग थोडं आधी थांबवायला सांगितलं, आणि सेटिंगमधून रिजन, म्हणजे उताराला हे वीज परत ढकलणं, थोडं कमी केलं. एक पैशाचा स्पेअर लागला नाही. पण ध्यानात घे, मोटर सुटली की मोटरचा ब्रेकही सुटतो. उताराला हातापायाचे ब्रेक चोख आहेत का ते अशा गाडीचं आधी बघायचं.

आता कमी व्होल्टेजचं. ही तक्रार तुला सगळ्यांत जास्त भेटेल. दुधाचे कॅन वाहणारी एक ई-रिक्षा होती, बारा व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या. रिकामी असताना राजासारखी चालायची, कॅन भरून पुलाच्या चढाला लागली की बीप आणि ठप्प. मालकानं चारही बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या. तरी तेच. उभ्या गाडीवर मीटर लावला की एक्कावन्न व्होल्ट, सगळं ठीक. इथंच माणसं फसतात. उभ्या गाडीचं व्होल्टेज काही सांगत नाही. भार आल्यावरचं बघायचं.

मी मीटरच्या वायरी लांब करून घेतल्या, टेपनं बांधल्या, मागं कॅन भरून ठेवले आणि मालकाला गाडी चढावर घ्यायला लावून स्वतः मागं बसले. आधी मीटर बॅटरीच्या पहिल्या प्लसला आणि शेवटच्या मायनसला. चढावर पंचेचाळीसच्या थोडं वर राहिलं, ते चालेल. मग तोच चढ पुन्हा, आता मीटर कंट्रोलरच्या टर्मिनलला. एकेचाळीस पॉइंट सहा, आणि बीप. बॅटरी पंचेचाळीस देतेय, कंट्रोलरला एकेचाळीस मिळतंय. मग मधले चार व्होल्ट गेले कुठं? वाटेत कुणीतरी खातंय. ऐंशी अँपिअर वाहत असतील तर चार व्होल्ट म्हणजे तीनशेवीस वॅट. तुझ्या टेबलावरच्या सोल्डरिंग आयर्नसारखी आठ-दहा आयर्न एका जागी तापत असल्यासारखं. मी केबलवरून हात फिरवत गेले आणि एमसीबीशेजारच्या लगवर थांबले. बोटाला चटका बसला. स्लीव्ह कडेनं तपकिरी होऊन कडक झाली होती, लग हातोडीनं ठोकून बसवला होता, आणि आत तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या. केबल चार बोटं मागं कापली, लख्ख तांबं काढलं, नवा लग क्रिंपिंगच्या हत्यारानं दाबला, स्लीव्ह चढवली. त्या नव्या बॅटऱ्यांचे पैसे मात्र त्या माणसाचे फुकट गेले होते, आणि ते त्यानं कर्ज काढून भरले होते. मला ते अजून लागतं.

म्हणून जोडावरचं व्होल्टेज मोजायची सवय लाव. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या बुंध्यावर, दुसरी कंट्रोलरच्या प्लसवर, गाडी भाराखाली. वायर चांगली असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. दोन-तीन दशांशाच्या वर गेला की जोड उघडून बघ. मायनसच्या बाजूलाही तेच कर, ती बाजू सगळे विसरतात. लेड-ॲसिड असेल तर चारही बॅटऱ्या भाराखाली वेगवेगळ्या मोज. तीन अकराच्या वर आणि एक नऊला आली, तर ती एकच सगळ्यांना खाली ओढतेय.

आता हॉल सेन्सर. इथं थोडं थांबून ऐक, कारण तुझ्या धंद्यातलं खरं कसब इथं आहे.

ब्रशलेस हब मोटरमध्ये चुंबक कुठल्या जागी आहे हे कंट्रोलरला सांगणारे तीन हॉल असतात. त्यांच्या पाच बारीक वायरी: लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, आणि पिवळी, हिरवी, निळी सिग्नलच्या. आधी लाल आणि काळीत पाच व्होल्ट येतायत का बघ. येत नसतील तर अजून हॉलला दोष देऊ नकोस. पाच व्होल्टची तीच रांग बहुधा थ्रॉटललाही जाते, तिथं कुठं शॉर्ट असेल तर सगळंच मरतं. हॉलचा कनेक्टर काढ, पाच व्होल्ट परत आले तर दोष मोटरच्या बाजूला.

पाच व्होल्ट असतील तर कनेक्टर जोडलेलाच ठेवून, मागून बारीक पिन घालून, सिग्नल मोज. जोडलेलाच, हे महत्त्वाचं. हॉल स्वतःहून पाच व्होल्ट बाहेर देत नाही, तो फक्त वायर खाली खेचतो. वर ओढायचं काम कंट्रोलरच्या आतला रेझिस्टर करतो. कनेक्टर काढून मोजलंस तर चांगला हॉलही मेलेला दिसेल आणि तू विनाकारण मोटर उघडशील. आता चाक हातानं अगदी हळू फिरव. प्रत्येक वायर शून्याच्या जवळ, मग पाचच्या जवळ, अशी खाली-वर व्हायला हवी. एक वायर कायम वर किंवा कायम खाली राहिली, तर ती सापडली.

मी त्याच्यापुढं एक करते. पुठ्ठ्यावर पिवळा, हिरवा, निळा असे तीन रकाने आखते, वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य, आणि चाक बोटभर बोटभर पुढं सरकवत लिहीत जाते. एकशेवीस अंशांची मोटर असेल तर सहा वेगवेगळ्या ओळी येतात आणि सातव्याला पहिली परत येते. तीन शून्य किंवा तीन एक अशी ओळ कधीच येता कामा नये. ती आली की कंट्रोलर हॉलचा अलार्म देतो, कारण तसं चुंबक कुठंच उभं राहू शकत नाही. पुठ्ठ्यावर ते डोळ्यांनी दिसलं की मग अंदाज उरत नाही. हॉल बदलायची वेळ आली तर तिन्ही बदल. दोन जुने ठेवून एक नवा घालू नकोस, कारण मोटर पुन्हा उघडणं हेच मोठं काम आहे. उघडताना बोटं जप. रोटरचं चुंबक स्टेटरला ओढून घेतं, आणि मधे बोट सापडलं की नख जातं.

पण मोटर उघडण्याआधी कनेक्टर उघड. पावसाळ्यात इथं निम्म्या तक्रारी निघतात. पिनवर हिरवट-पांढरी पूड बुरशीसारखी चढलेली दिसेल, ती पाण्यानं तांब्यावर आणलेली. कॉन्टॅक्ट क्लीनरनं धू, पिन घट्ट कर, आणि कनेक्टर असा बांध की वायर खाली लोंबून मग वर येईल. पाणी त्या खालच्या वळणावरून ठिबकून जातं, कनेक्टरात शिरत नाही. दोन हजार एकवीसच्या जुलैत पंचगंगा गावात शिरली, तेव्हा पाण्यात बुडालेल्या स्कूटर माझ्याकडं आल्या होत्या. त्यांतल्या ज्यांनी "वाळली असेल" म्हणून चावी फिरवली त्यांचं नुकसान मोठं झालं. जे ढकलत आले त्यांच्या बऱ्याचशा वाचल्या. पुराचा गाळ आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मग सुकवायचं. पंपाची मोटर आम्ही शंभर अंशांच्या वर तापवून सुकवायचो. हब मोटरला ते करू नकोस. साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद ऐंशीच्या वर कमी होऊ लागते. झाकण उघडून, साठाच्या खालच्या उबेत, दोन-तीन दिवस दे.

आणि आता तो प्रसंग, ज्यामुळं मी आज हे सगळं लिहितेय. घरगुती डबे पोचवणारी एक बाई होती. तिच्या स्कूटरचा कंट्रोलर जळला. एका गॅरेजमध्ये नवा घातला, तो आठ दिवसांत जळला. दुसरा घातला, तो चार दिवसांत. तिसऱ्याचे पैसे नाहीत म्हणून ती माझ्याकडं आली. मी कंट्रोलरकडं पाहिलंच नाही. चाकाच्या एक्सलपाशी टॉर्च लावला. हब मोटरच्या सगळ्या वायरी एक्सलच्या पोकळीतून बाहेर येतात, जाड फेजच्या आणि बारीक हॉलच्या, एकाच तोंडातून. एक्सलचा नट ढिला होता, अडकणारी वॉशर उलटी बसवली होती. प्रत्येक झटक्याला एक्सल थोडा फिरायचा आणि तोंडाच्या धारेवर वायरी घासायच्या. जाड निळ्या वायरीचं प्लॅस्टिक कापलं गेलं होतं आणि तिचं तांबं हॉलच्या बारीक लाल वायरीला टेकत होतं. बॅटरीचं व्होल्टेज थेट पाच व्होल्टच्या रांगेत. कुठलाही कंट्रोलर घातला असता तरी तो गेलाच असता. दोन गेले, आणि एकदाही कुणी चाकापाशी वाकून बघितलं नाही.

म्हणून नवा कंट्रोलर खोक्यातून काढण्याआधी मोटर निर्दोष आहे हे सिद्ध कर. तिन्ही जाड वायरी कंट्रोलरपासून सोडव आणि चाक फिरव. जोडलेलं असताना अडखळत, जड फिरत होतं आणि सोडल्यावर मोकळं झालं, तर कंट्रोलरमधला मॉसफेट शॉर्ट आहे. सोडल्यावरही जडच राहिलं, तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या वायरीत. मग दोन-दोन वायरी एकमेकींना टेकवून चाक फिरव. तिन्ही जोड्यांत सारखंच जड लागायला हवं. एक जोडी वेगळी वाटली तर त्या फेजमध्ये काहीतरी आहे. कंट्रोलरचं बघायला मीटर डायोडवर ठेव. लाल पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, काळी एकेका फेजवर, मग काळी प्लसवर आणि लाल एकेका फेजवर. सहाही वेळा पॉइंट चार ते सहाच्या आसपास आणि जवळजवळ सारखं यायला हवं. कुठं शून्य आलं, तर तेव्हा म्हण कंट्रोलर गेला. तेव्हाच.

शेवटी मेगर. तुझ्या पिढीला मीटर पुरेसा वाटतो. पण इन्सुलेशन कच्चं आहे की नाही ते मीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला कळत नाही. मेगर पाचशे व्होल्टनं विचारतो. फेज आणि बॉडीच्या मधे एक मेगओमच्या खाली आलं तर ती मोटर रस्त्यावर पाठवू नकोस. फक्त मेगर लावण्याआधी फेजच्या वायरी आणि हॉलचा कनेक्टर, दोन्ही कंट्रोलरपासून काढलेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. विसरलीस तर पाचशे व्होल्ट थेट कंट्रोलरात जातील, आणि मग खरंच नवा मागवावा लागेल.

तापल्याच्या अलार्मला फार वेळ देत नाही. कंट्रोलरच्या पट्ट्यांवर चिखल बसला असेल तर धू, मालकानं पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली असेल तर काढ, मागची पत्र्याची जागा सपाट करून थर्मल पेस्ट लाव. एवढं करूनही तापत असेल तर भार जास्त आहे, आणि ते मालकाला स्पष्ट सांग.

कुणी म्हणेल, अलार्मची वायर काढून टाका, गाडी चालतेय ना. त्याला गोड बोलून परत पाठव. बझर बंद करून दिलेली गाडी घाटात कुणाच्या तरी लेकराला घेऊन जाईल. आणि कोड पुसण्याआधी वहीत लिहून ठेव: तारीख, गाडी, कोड, कधी येतो, काय सापडलं. माझ्या वह्या पोटमाळ्यावरच्या पेटीत आहेत, त्या तुझ्याच आहेत.

आता तुझी तीनचाकी. तीन-सहा म्हणजे मोटरचा एन्कोडर फिरण्याची खबर नीट देत नाहीये. तिथं बहुतेक बेअरिंगमध्येच सेन्सर बसवलेला असतो, त्याच्या चार वायरी: वीज, ग्राउंड आणि ए-बी अशा दोन सिग्नलच्या. तीन गोष्टी बघून ठेव. मोटरच्या तोंडाशी असलेला छोटा कनेक्टर ढिला आहे का. एन्कोडरची केबल जाड फेजच्या केबलींना खेटून, एकाच पट्टीनं बांधून नेलीय का. तसं असेल तर मोटर जोरात ओढताना तिच्यात नुसता गोंगाट शिरतो आणि कंट्रोलर गोंधळतो. आणि चाक उचलून हातानं फिरवताना बेअरिंगमधून खरखर येते का.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी येते, मेगर पिशवीत घालून. तोवर गाडी धुऊ नकोस, कनेक्टर पुसू नकोस, कोड घालवू नकोस. मालकाला सांग की मंगळवारी दुपारी त्यानं स्वतः यावं, नेहमीचा माल भरून. तो चालवेल, आपण दोघी मागं बसू.

तुझी आत्या